गावाकडे निघण्यापूर्वी

मे महिना उजाडला की उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतील मराठी घरांतून गावाकडच्या लग्नांची बोलणी कानी येऊ लागतात. कुणी मोटार भाड्याने ठरवितो, कुणी भावाची मागून आणतो, आणि दिवसपाळी संपली की रात्री नऊच्या सुमारास सारे कुटुंब धुळ्याची वाट धरते. रात्री मुलांना ऊन लागत नाही, हे कारण खोटे नव्हे. परंतु ज्याने बारा तास मागापुढे उभे राहून काढले, त्याच्याच हाती पुन्हा रात्रभर मोटारीचे चाक द्यावे, हे आम्हांस मुळीच पटत नाही.

बारडोली, व्यारा, सोनगढ मागे पडून नवापूर ओलांडले की पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे मलकापूरहून सुरतेस येणारी खासगी बस याच घाटात दरीत कोसळली आणि पाच जण दगावले. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीर झोपच मागते. मग मनाचा निर्धार कितीही असो. चहाने थोडा वेळ तरतरी येते, झोप भरून निघत नाही. डोळे जड झाले तर उजेडाच्या ठिकाणी, पेट्रोल पंपावर, मोटार उभी करून वीस मिनिटे डुलकी घ्यावी. रस्त्याच्या कडेला मात्र थांबू नये.

घाट उतरताना इंधन वाचावे म्हणून काही जण गिअर काढून घेतात. ही काटकसर महागात पडते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहीत. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर अंधारात अवचित पुढ्यात येतात. १९ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात कोसंब्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरला धडकलेला ट्रक पदपथावर चढला आणि तेथे झोपलेले पंधरा मजूर प्राणांस मुकले.

मुंबईकडे जाणाऱ्यांसही एक सांगावयाचे आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून परतताना चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्यावर आदळून मरण पावले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते. ते दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या आसनाचा पट्टा कायद्यानेही सक्तीचा आहे. आजीबाईंना तो जाचतो, त्या कुरकुरतात, कुरकुरू द्यावे! तान्ह्या मुलास मांडीवर घेऊन पुढे बसणे तर सर्वांत घातक. धक्का बसला की आईच्या हातांत त्याला धरून ठेवण्याचे बळ उरत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना, त्यांतील हवा सामानाच्या भाराप्रमाणे भरून घ्यावी. जादा चाकातील हवाही पाहावी, कारण तेच नेहमी विसरले जाते. पाणी भरपूर घ्यावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि इतरत्र ११२ हे क्रमांक मुलांकडूनही पाठ करून घ्यावेत. वाटेत कुणी जखमी दिसल्यास पोलिसांच्या भयाने पुढे निघून जाऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा अशा मदतनीसास संरक्षण देतो.

रात्रभर निवांत झोपून पहाटे पाचला निघावे. आणि धुळ्याच्या आत्याबाईंना 'सकाळी सहाला दारात असू' असे न कळविता 'दुपारच्या पानाला येतो' असेच कळवावे.