नमस्काराला चमत्कार कशाला?

‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वस्तुतः ती उपरोधाची. पण लोकांनी ती उपदेश म्हणूनच पत्करलेली दिसते. २०२३ साली भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक उतरले. तरीही ‘देव आजच्या काळात चमत्कार करतो काय?’ हा प्रश्न सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात पूर्वीइतक्याच उत्सुकतेने चर्चिला जातो. त्याचे उत्तर टिंगलीने देणे सोपे आहे आणि डोळे मिटून देणे त्याहूनही सोपे आहे. आम्हांस हे दोन्ही मार्ग अमान्य आहेत.

उदाहरणासाठी यवतमाळकरांना दूर जावयास नको. नागपूरच्या वाटेवर कळंब येथे श्रीचिंतामणीचे पुरातन देवस्थान आहे. मंदिर जमिनीच्या पातळीहून पुष्कळ खाली आहे; पायऱ्या उतरून जावे तेव्हा दर्शन घडते. तेथील कुंडात साधारणतः एका तपाच्या अंतराने गंगा अवतरते, तिचे पाणी मूर्तीच्या चरणांना लागते आणि मग ते ओसरते, अशी भाविकांची परंपरागत श्रद्धा आहे. आता, या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. कातळाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत पावसाचे पाणी साठते. पाऊस उदंड झाला की भूजलाची पातळी चढते आणि खोल जागी पाणी आपसूक प्रकट होते. जमिनीखालच्या मंदिरात ते दिसावे, यात निसर्गनियमाचा भंग झाला असे मानावयास आम्हांस कारण दिसत नाही.

पण एवढे सांगितल्याने भाविकाचे काय गेले? ज्या मुलखात वैशाखात हंडाभर पाण्यासाठी आयाबहिणींना पायपीट करावी लागते, तेथे भूमीच्या पोटातून वर आलेल्या पाण्याला कोणी ‘गंगा’ म्हणून हात जोडले, तर त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र तेच हात गावच्या शिवारात पाणी मुरविण्यासाठी कुदळ-फावडे धरणार की नाहीत, हे विचारण्याचा अधिकार अवश्य आहे.

याउलट २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस आठवावा. गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीपासून लंडनपर्यंत एका दिवसात पोहोचली आणि पदवीधर मंडळी चमचे घेऊन रांगांत उभी राहिली. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवून दिले की, पृष्ठताणामुळे चमच्यातील दूध ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळाने खाली उतरते. शालेय पुस्तकातील हा धडा पाठ करून गुण मिळविलेले लोकच त्या रांगेत होते, याचे आमच्यासारख्या एकेकाळच्या शिक्षकास अधिक दुःख होते. विद्यार्थ्यांना आम्ही उत्तरे शिकविली. प्रश्न विचारावयास शिकविले नाही.

चिकित्सा केल्याने धर्म बुडतो, ही भीतीही निराधार आहे. फ्रान्समधील लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री १८५८ पासून रोगमुक्तीचे दावे होत आले आहेत. नोंदलेल्या सुमारे सात हजार दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली ती जेमतेम सत्तरांच्या आसपास. त्या सत्तरांविषयीही मतभेद असू शकतील. परंतु श्रद्धावंतांच्या संस्थेलाही आधी वैद्यांची साक्ष काढावी लागते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

खरा धोका चमत्काराच्या कथेत नसून चमत्काराच्या व्यापारात आहे. खरिपाच्या दिवसांत शेतात सर्पदंश झाला की रुग्णाला आधी मांत्रिकाकडे न्यावयाचे आणि अंग काळेनिळे पडल्यावर रुग्णालयाची वाट धरावयाची, असे प्रकार खेड्यापाड्यांत घडतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. विषावर प्रतिविष हाच उतारा आहे आणि तेथे घटकेघटकेला मोल आहे. साप बिनविषारी निघाला तर मंत्राचा जयजयकार होतो. विषारी निघाला तर दैवाला दोष दिला जातो. मांत्रिक दोन्हीकडून निर्दोष!

म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंश झालेल्यास उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे आणि तथाकथित चमत्काराचा देखावा मांडून लोकांना लुबाडणे हे गुन्हे ठरविले. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. चार दिवसांनी वटहुकूम निघाला. हा कायदा देव मानावयास मनाई करीत नाही, हे त्याच्या विरोधकांनी ध्यानात घ्यावे. आणि कायद्याने विवेक आपोआप रुजत नाही, हे त्याच्या समर्थकांनी विसरू नये.

विवेक रुजविण्याची परंपरा तर आपल्याच वऱ्हाडच्या मातीतील आहे. गाडगेबाबांनी कोणास अंगारा दिला नाही, कोणास पायाही पडू दिले नाही. त्यांनी खराटा हाती घेतला, कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारले आणि धर्मशाळा उभारल्या. लोकांनी नमस्कार केला, तो या कामाला.

मग चमत्कार घडतात की नाहीत? मराठी माणूस ज्या रोगाला ‘देवी’ म्हणत आला, तिच्या कोपापुढे आपल्या आज्या-पणज्या नवस बोलत असत. लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांनी दारोदार फिरून तो कोप संपविला. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० साली जग त्या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. नवसाने जे शतकानुशतके साधले नाही, ते माणसांनी एकदिलाने साधले. यालाच कोणी ईश्वरी कृपा म्हणत असेल, तर आम्ही वाद घालणार नाही. भाविकाने चिंतामणीपुढे खुशाल हात जोडावेत. मात्र घरात सर्पदंश झालेले मूल असेल, तर पाय आधी रुग्णालयाकडे वळले पाहिजेत. एवढा विवेक आपण सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी स्वतःच्या घरापासून पाळला, तरी पुष्कळ प्राण वाचतील.