माशीचा वंश आणि मालकीचा प्रश्न

नवी मुंबईच्या न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरची नोंद होते. त्याच्या आडोशाने आलेल्या माशीची नोंद कोण ठेवणार? ही शंका काल्पनिक नव्हे. अमेरिका खंडातील 'स्क्रूवर्म' माशी १९८८ मध्ये लिबियात पोहोचली. तिच्या अळ्या जिवंत जनावराचे मांस कुरतडतात. तिचीच एक बहीण भारतात आहे. जखमेत अळ्या पडलेला बैल आणि त्यावर सीताफळाच्या पाल्याचा रस पिळणारा शेतकरी, हे दृश्य आपल्या गोठ्यांना नवे नाही.

लिबियात किरणोत्साराने वंध्य केलेल्या शंभर कोटींहून अधिक माश्या विमानांतून सोडल्या गेल्या. या जातीची मादी बहुधा एकदाच मीलन करते; ते वंध्य नराशी झाले की तिची अंडी फुकट जातात. १९९२ पर्यंत तो देश मुक्त झाला. परंतु हा पहारा अखंड द्यावा लागतो. पनामातील अशीच तटबंदी ढासळली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ही माशी पुन्हा मेक्सिकोत शिरली.

म्हणूनच शास्त्रज्ञांची दृष्टी जनुक-संपादनाकडे वळली आहे. एरवी एखादे जनुक निम्म्या संततीत उतरते. 'जीन ड्राइव्ह'मुळे ते जवळजवळ सर्व संततीत उतरते आणि वंध्यत्व पिढ्यान्‌पिढ्या पसरते. उरुग्वेत स्क्रूवर्मवर असे संशोधन चालू आहे. सामर्थ्य मोठे, पण एकदा सोडलेली माशी परत बोलावता येत नाही, आणि तिला देशाच्या सीमा ठाऊक नसतात.

भारताचा अनुभव विसरण्याजोगा नाही. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आणि अमेरिकी पैशावर डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प चालू होता. त्यातून मिळणारी माहिती जैविक युद्धात कोणाच्या कामी येईल, हा प्रश्न वृत्तपत्रांनी आणि पुढे संसदीय समितीने विचारला. १९७५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. शंका अतिरंजित होत्या असे म्हणणारे आजही आहेत; पण विश्वास आधी मिळवावा लागतो, हे तेव्हाच्या धुरिणांना उमगले नव्हते. जालना जिल्ह्यातील दावलवाडीत २०१७ मध्ये ब्रिटिश तंत्राच्या जनुक-परिवर्तित डासांच्या पिंजऱ्यातील चाचण्या सुरू झाल्या, तेव्हाही हाच प्रश्न वेगळ्या वेशात उभा राहिला.

विज्ञानाला नकार देणे हा उपाय नव्हे. २०२२ मध्ये लम्पीने गोधन आडवे पाडले, तेव्हा चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यापुढे गोपालक हतबल होता. त्याला स्वदेशी संशोधन हवेच. पण २०२३ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे प्रयोगशाळेतील संशोधनापुरतीच आहेत. कीटक मोकळे सोडण्याचा मार्ग त्यांत नाही. तो आखताना स्वामित्वहक्क कोणाचा, अपाय झाल्यास भरपाई कोण देणार, हे आधी लिहून द्यावे लागेल. आणि ते लिहिलेले मराठीत, ग्रामसभेपुढे, ज्याचा गोठा आहे त्याच्या हाती पडले पाहिजे.