शेततळं भरलं, पण कुणाच्या खात्यातून?



समजा पाच भावांचं एकच करंट अकाउंट आहे. एकाने त्यातली सगळी रक्कम काढली, घरच्या तिजोरीत ठेवली आणि गावभर सांगितलं, "मी बचत केली." तुम्ही याला बचत म्हणाल? आपल्या कोरडवाहू पट्ट्यातल्या बऱ्याच शेततळ्यांचं आज हेच झालंय. पिवळ्या शिवारात निळं पाणी छान दिसतं, म्हणून कुणी बोलत नाही. मी बोलतो.

शेततळ्याची मूळ कल्पना साधी आहे. पावसाळ्यात शेतातून वाहून जाणारं पाणी उताराच्या खालच्या कोपऱ्यात अडवायचं. पावसाने ओढ दिली की पिकाला एक-दोन पाणी द्यायची. त्याला पाणी आत यायला वाट असते आणि जादा पाणी जायला सांडवा. आता फळबागांच्या पट्ट्यातली तळी बघा. चारही बाजूंनी उंच बांध, आत प्लास्टिकचा कागद, पाणी आत यायला वाटच नाही. मग भरतं कशानं? विहिरीवरच्या नाहीतर बोअरच्या मोटारीनं! म्हणजे जमिनीखाली सावलीत, फुकटात साठलेला माल वीज जाळून वर आणायचा आणि उन्हात मांडायचा.

घट किती होते? ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे ९०० चौरस मीटर उघडं पाणी. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी सहज उडतं. तळं भरलेलं असेल तर रोज ७,२०० लिटर. दोन दिवसांत एक मोठा टँकर हवेत गेला! कुठल्या दुकानदाराने गोडाऊनमध्ये एवढी घट चालवून घेतली असती? शिवाय जवळपास ९ गुंठे जमीन नुसत्या पाण्याखाली, बांध वेगळा.

आता शेतकऱ्याची बाजू, कारण तो काही वेडा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना भागात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. वर्षानुवर्षं सांभाळलेलं झाड म्हणजे त्याचं भांडवल. ते एका उन्हाळ्यात गेलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. वरून मनात एकच भीती: मी नाही उपसलं तर शेजारी उपसणार. एकट्याचा विचार केला तर त्याचा हिशेब बरोबर आहे. पण शेजाऱ्याचाही तोच हिशेब असतो ना! आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. विहिरी वेगळ्या, सातबारा वेगळे, पण खालचं खातं बऱ्याचदा एकच. मग एकाने २०० फूट बोअर घेतलं की दुसरा ४०० फूट घेतो. कर्ज दोघांच्या डोक्यावर, पाणी मात्र तेवढंच.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ओढ्याच्या वाहत्या पाण्यावर भरलेलं शेततळं ही गुंतवणूक. विहिरीतून भरलेलं शेततळं ही सामाईक खात्यातली उचल. अनुदान मिळालं म्हणून उचलीची बचत होत नाही.

हे खातं एकत्र चालवता येतं, हे आपल्याच लोकांनी दाखवलंय. पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि पाणी पंचायत उभी राहिली. नियम बघा, अगदी भागीदारी करारासारखे. पाणी जमिनीवर नाही, तर माणशी अर्ध्या एकराला. कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापर्यंत. भूमिहीनालाही वाटा. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा सभासदांचा. आणि ऊस बंद. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावाने शेतीसाठी बोअर बंद केली. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी पिण्याचं पाणी बाजूला, उरलेल्यावर पीक ठरतं. याला आपण धंद्यात बजेट म्हणतो, दुसरं काय?

उसाचं का बंद? ४०० मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला की साधारण १६ लाख लिटर पाणी होतं. त्यातलंही बरंच वाहतं, उडतं. एक एकर उसाला ८० लाख लिटरच्या आसपास लागतं. वरचं पाणी कुणाच्या वाट्याचं, ते तुम्हीच सांगा.

"सर, आमचं गाव नाही एकत्र येत," हे मला माहीत आहे. सगळं गाव कशाला हवं? एका ओढ्याकाठचे चार-पाच विहीरवाले पुरेत. दसऱ्याच्या सुमारास रब्बी ठरवायच्या आधी दोराला दगड बांधून सगळ्यांच्या विहिरींतलं पाणी मोजा, एकाच वहीत लिहा आणि मगच कोण किती एकर काय पेरणार ते बोला. उन्हाळ्यात पुन्हा मोजा. बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा सरी ही कामं तळ्याच्या कागदापेक्षा कितीतरी स्वस्तात होतात आणि पाणी शेतातच मुरवतात. पैसा आधी तिथे घाला. आणि ज्यांची शेततळ्याच्या कर्जाची फाईल बँकेत तयार आहे, त्यांनी सही करायच्या आधी एवढंच तपासा: पाणी आत यायची वाट नकाशात कुठे दाखवली आहे? ती नसेल, तर फाईल घरी घेऊन या.