विश्लेषण : सर्च इंजिन वेगवान हवे की गोपनीय?

छातीत दुखू लागले, कर्जाचा हप्ता थकला, नोकरी सोडावीशी वाटली... अशा गोष्टी घरात सांगण्याआधी आपण सर्च इंजिनला विचारतो. उत्तर क्षणात मिळते. प्रश्न मात्र आपल्या नावावर साठून राहू शकतो. गोपनीयता जपणारे पर्याय आहेत, पण ‘ते संथ असतात’ असा समज आहे. तो कितपत खरा?

वेग कशावर ठरतो?

सर्च इंजिन आपण विचारल्यानंतर इंटरनेट धुंडाळत नाही. आधीच तयार असलेल्या सूचीतून ते निकाल काढते. त्यामुळे बराचसा वेळ जातो तो प्रवासात. मुंबई ते फ्रँकफर्ट अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका फेरीला किमान ६५ मिलिसेकंद. सुरक्षित जोडणीसाठी अशा दोन-तीन फेऱ्या होतात. सर्व्हर मुंबईतच असेल तर हा वेळ जवळपास शून्यावर येतो. मोठ्या कंपन्यांचे बळ इथे आहे.

मात्र हा फरक सेकंदाच्या काही दशांशांचा. कमकुवत नेटवर्क, जुना फोन किंवा जड पान याहून जास्त वेळ खातात. गोपनीयता जपण्यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

कोण काय लक्षात ठेवते?

गुगल खात्यात लॉग-इन असताना ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’ सुरू असेल, तर शोध खात्याशी जोडून साठवले जातात. २०२० पासून नव्या खात्यांत ही नोंद १८ महिन्यांनी आपोआप पुसली जाते. तो काळ तीन महिन्यांवरही आणता येतो. डकडकगो आणि ब्रेव्ह सर्च मात्र शोध व्यक्तीशी जोडून ठेवत नसल्याचे सांगतात. त्यांच्या जाहिराती त्या वेळी टाइप केलेल्या शब्दांवरून दिसतात.

नाव काढून टाकले तर धोका टळतो?

नाही. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध संशोधनासाठी खुले केले. नावांऐवजी क्रमांक होते. तरीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकारांनी काही दिवसांतच त्यातील एका महिलेला शोधून काढले. गाव, आडनाव, आजार यांचे शोध एकत्र आले की ओळख पटायला नाव लागत नाही.

पर्याय खरोखर स्वतंत्र आहेत?

सगळे नाहीत. डकडकगोचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. २३ मे २०२४ रोजी बिंगमध्ये बिघाड झाला, तेव्हा डकडकगो आणि इकोसियाही अडखळले. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना मोकळीक असल्याचे २०२२ मध्ये उघड झाले होते. टीकेनंतर कंपनीने ती बंद केली. नेदरलँड्समधील स्टार्टपेज वापरकर्त्याची ओळख लपवून गुगलचे निकाल आणून देते, म्हणजे मध्ये एक जास्तीचा थांबा आला. ब्रेव्ह सर्च २०२३ पासून स्वतःच्या सूचीवर चालते.

इन्कॉग्निटो पुरेसे नाही का?

इन्कॉग्निटोमुळे फोनवर इतिहास राहत नाही. घरातल्यांपासून लपवायला ते ठीक. संकेतस्थळांना आपला आयपी पत्ता दिसतोच. याच मुद्द्यावर २०२० मध्ये अमेरिकेत गुगलवर खटला झाला. २०२४ मध्ये कंपनीने साठवलेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. गोपनीय सर्च इंजिनलाही मर्यादा आहे : निकालावर टॅप करून एखाद्या संकेतस्थळावर गेलात, की तिथले ट्रॅकर कामाला लागू शकतात.

मग निवड कशी करावी?

सवय सोडणे सोपे नाही आणि कंपन्यांना ते ठाऊक आहे. सफारी ब्राउझरमध्ये आधीपासून आपलेच सर्च इंजिन असावे, यासाठी गुगलने २०२२ मध्ये ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात समोर आले. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडप्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्यानंतर नवा फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडण्याची सोय देऊ, असे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. क्रोममध्ये ते कधीही बदलता येते : तीन ठिपके, सेटिंग्ज, सर्च इंजिन.

सगळे शोध एकाच ठिकाणी घेण्याची सक्ती नाही. जवळचे मेडिकल किंवा रस्ता शोधायचा असेल तर गुगलची नकाशाशी असलेली जोड उपयोगी पडते. आजार, पैसा, कोर्टकचेरी, घरातले प्रश्न यांसाठी दुसरे सर्च इंजिन ठेवावे. नेहमीचे पाच शोध मराठीतून दोन्हीकडे करून पाहा. वेगातला फरक जाणवतो का, हे तुमचाच फोन सांगेल.