नोकरीबरोबर वस्तीही जाऊ द्यायची काय?

गिरणी बंद पडली की कामगाराची नोकरी जाते, हे सर्वांना दिसते. तिच्या मागोमाग त्याची वस्ती जाते, हे मात्र फार उशिरा लक्षात येते. थकबाकीसाठी आपण मोर्चे काढतो; पण चाळ, गल्ली, शाळा आणि मैदान यांचा हिशेब मागणीपत्रात क्वचितच असतो. जबलपूरच्या मराठी कामगार बंधुभगिनींनी हा हिशेब आजच मांडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. त्या नागपुरात 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली आणि तिच्या जागेवर त्याच नावाचा मॉल उभा राहिला. नाव राहिले, कामगार गेला. मुंबईत हेच कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडले.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी 1854 मध्ये कावसजी दावर यांनी काढली. पुढे लालबाग, परळ, चिंचपोकळी, नायगाव, वरळी असे गिरणगाव वसले. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार गावकीच्या खोलीत राहत असे. एक पाळी कामावर गेली की दुसऱ्या पाळीने तिच्या जागेवर पथारी पसरायची. जेवण खाणावळीत. अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी 1975 मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. डिलाइल रोडला तर आयटकच्या स्थापनेतील अग्रणी ना. म. जोशी यांचेच नाव आहे. म्हणजे हा सारा मुलूख कामगारांनी आपल्या घामाने आणि संघटनेने घडवला होता.

या चाळींचे गोडवे गाण्याचे कारण नाही. 1920 नंतर सरकारच्या विकास खात्याने 50 हजार खोल्यांची योजना जाहीर केली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे 207 चाळी, म्हणजे सुमारे 16 हजार खोल्या झाल्या. खोली 160 चौरस फुटांची आणि संडास सामायिक. अशा घरात पिढ्या गेल्या. ती पाडू नयेत असे कोण म्हणेल? प्रश्न पाडण्याचा नाही. पाडल्यानंतर तिथे कोण राहणार, हा आहे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा धड सुरू झाल्याच नाहीत. गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन मात्र सोन्याच्या मोलाची झाली. 1991 च्या विकास नियमावलीने या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघाली ती 2012 मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी! अर्ज दीड लाखाच्या जवळपास, आणि किल्ली हाती आली ती फार थोड्यांच्या. पुढे वांगणी-शेलूसारख्या दूरच्या ठिकाणची घरे पुढे केली गेली, तेव्हा 2025 मध्ये म्हाताऱ्या कामगारांना आझाद मैदानावर यावे लागले.

याउलट सरकारी चाळींत राहणाऱ्यांचे पाहा. त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून हक्काचा कागद होता आणि जागेवरच घर मिळावे, ही मागणी त्यांनी लावून धरली. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या त्याच ठिकाणी मिळाल्या. उशीर झाला, पण वस्ती उठली नाही. जिथे कागद आणि एकजूट होती तिथे माणसे टिकली.

इंग्लंडातही निराळे घडले नाही. लँकेशायरच्या गिरणी-गावांत भिंतीला भिंत लागून कामगारांच्या घरांच्या रांगा होत्या. गलिच्छ वस्ती निर्मूलनाच्या नावाखाली विसाव्या शतकात, विशेषतः 1950 आणि 1960 च्या दशकांत, त्या पाडल्या गेल्या. सॅलफर्डसारख्या ठिकाणी लोकांना उंच इमारतींत नळ आणि न्हाणीघर मिळाले, पण शेजार विस्कटला.

आता जबलपूरकडे वळू. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली खमरिया, 1969 ची व्हेईकल फॅक्टरी आणि ग्रे आयर्न फाउंड्री, या चौघींच्या आधाराने या शहराचा पूर्व भाग वसला. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या. आपल्या चार कारखान्यांची मुख्यालये आता चार ठिकाणी आहेत: कानपूर, पुणे, आवडी आणि नागपूर. एका शहरातले शेजारी कागदोपत्री चार घरचे झाले.

काहीजण म्हणतील, क्वार्टर सरकारी. निवृत्त झाल्यावर सोडायचेच, मग हक्क कसला? हक्क त्या खोलीचा नाही. कामगारांच्या निवासासाठी जनतेच्या पैशातून राखलेली जमीन उद्या कोणत्या कामाला लावायची, यात कामगारांचा शब्द असला पाहिजे, हा तो हक्क.

म्हणून चारही कारखान्यांच्या युनियनांनी, झेंडा कोणताही असो, एक संयुक्त निवास समिती नेमावी. वसाहतीची जमीन, क्वार्टर, शाळा, दवाखाने आणि मैदाने कोणाच्या ताब्यात आहेत, याची यादी लेखी मागावी. जमीन विकण्यापूर्वी किंवा भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी युनियनशी वाटाघाट झालीच पाहिजे, असा आग्रह धरावा. आणि जमीन मोकळी झालीच, तर तिचा ठरावीक वाटा कायम, कंत्राटी आणि निवृत्त कामगारांच्या घरांसाठी याच शहरात राखावा. ही अट करारात असावी. नुसत्या नियमाचे काय होते, ते 2001 ने दाखवून दिले आहे.

गिरणगावाने हे मागितले तेव्हा भोंगे थांबले होते. जबलपूरचे भोंगे अजून वाजत आहेत. मागणी करायची ती कारखाना चालू असताना, हातात ताकद असताना.