गैरसोय कीं मज्जाव?

पुस्तक समईच्या उजेडांत वाचावें कीं विजेच्या दिव्याखालीं, माजघरांत वाचावें कीं ओटीवर, हें ठरविण्याचा अधिकार आजवर कोणत्याहि ग्रंथविक्रेत्यानें मागितला नव्हता. आतां तो मागितला जात आहे. आणि एरवीं कोथिंबिरीच्या जुडीसाठीं घासाघीस करणारे आमचे सुशिक्षित गृहस्थ तो निमूटपणें देऊन टाकीत आहेत.

ई-रीडर नांवाचें यंत्र आतां अनेक घरांत आलें आहे. कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यावर इलेक्ट्रॉनिक शाईनें तें अक्षरें उमटवितें, डोळ्यांना शीण देत नाहीं, आणि कपाटभर ग्रंथ तळहातावर मावतील एवढ्या जागेंत वागवितें. यंत्राविषयीं आमची तक्रार नाहीं. अक्षर हवें तेवढें मोठें करून वाचतां येणें हा उतारवयांत केवढा दिलासा आहे, हें घरांतील वडीलधाऱ्यांना विचारावें. तक्रार आहे ती अशा यंत्रांबरोबर येणाऱ्या बारीक टाइपांतल्या एका ओळीविषयीं. घरच्या संगणकावरून यंत्रांत पुस्तकें भरावयाचीं असतील तर तो संगणक विंडोजचा अथवा मॅकचा असावा, अशा अर्थाची ती ओळ असते. ज्याच्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे त्याला एकच शब्द ऐकावा लागतो: ‘अनसपोर्टेड’. म्हणजे तुमची सोय आमच्याकडे नाहीं.

हा शब्द मोठा साळसूद आहे. त्याच्या पोटांत दोन अगदीं निराळे अर्थ दडलेले आहेत. ‘आम्ही तुम्हांला मदत करणार नाहीं’ हा एक. आणि ‘तुम्हीं आपल्या हातानें करावयाचें म्हटलें तरी होऊं देणार नाहीं’ हा दुसरा. दुकानदारानें माल घरपोंच न देणें वेगळें, आणि माल घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकाच्या वाटेंत धोंडे रचून ठेवणें वेगळें. पहिल्याबद्दल कोणी शहाणा मनुष्य भांडणार नाहीं. परंतु कंपन्या दुसरें करतात आणि त्याला पहिल्याचें नांव देतात. आमचा वाद आहे तो एवढ्यापुरताच.

लिनक्स म्हणजे कांहीं चोरवाट नव्हे. १९९१ सालीं हेल्सिंकीच्या विद्यापीठांत शिकत असतां लिनुस टोर्वाल्ड्स ह्यानें तिचा गाभा लिहिला, आणि पुढें तो कोणालाहि मोफत वापरण्यास, तपासण्यास व सुधारण्यास खुला केला. केरळांतील सरकारी शाळांतून मुलें ती वापरतात. पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनें भारतीय भाषांची सोय केलेली ‘बॉस’ ही तिची आवृत्ति काढली आहे. आणि गंमत अशी कीं, किंडल काय किंवा कोबो काय, ह्या ई-रीडरांच्या स्वतःच्या पोटांत जी प्रणाली चालते तिचा गाभाहि लिनक्सचाच! फुकट मिळालेल्या लिनक्सच्या खांद्यावर आपलें यंत्र उभें करावयाचें, आणि त्याच लिनक्सचा वापर करणारा दारांत आला कीं ‘आपली ओळख नाहीं’ म्हणावयाचें, ह्या वर्तनाला आमच्या भाषेंत एक चांगला शब्द आहे. पण तो ह्या मासिकांत छापण्याजोगा नाहीं.

‘सोय नाहीं’ ह्या सबबीचें खरें स्वरूप ज्याला पाहावयाचें असेल त्यानें कोविद गोयल ह्यांची हकीकत समजून घ्यावी. २००६ सालच्या उत्तरार्धांत सोनी कंपनीनें अमेरिकेंत पीआरएस-५०० हा ई-रीडर विकावयास काढला. संगणकाला केबलनें जोडला असतां तो साध्या डिस्कप्रमाणें दिसत नसे. तो बोले तो सोनीच्या ‘कनेक्ट’ नांवाच्या सॉफ्टवेअरशींच, आणि तेंहि एका खाजगी सांकेतिक बोलींत. आणि तें सॉफ्टवेअर चाले तें विंडोजवर. गोयल त्या वेळीं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें संशोधन करणारे विद्यार्थी होते, आणि ते लिनक्स वापरीत. पैसे मोजून घेतलेलें यंत्र आपल्या संगणकाशीं एक अक्षर बोलत नाहीं असें पाहून त्यांनीं कंपनीकडे अर्जविनंत्या केल्या नाहींत. केबलवरून यंत्र व संगणक ह्यांच्यांत जें संभाषण चालतें तेंच उलगडावयास घेतलें. हें काम किती किचकट असतें ह्याची कल्पना बाहेरच्यांना येणें कठीण. परक्या मुलखांत दुभाष्यावांचून उतरलेल्या प्रवाशासारखी ही स्थिति असते. इकडून कोणता आकडा गेला, तिकडून काय उत्तर आलें, हें नुसतें टिपीत बसावयाचें, आणि त्यांतून हळूहळू व्याकरण बसवावयाचें. ३१ ऑक्टोबर २००६ रोजीं त्यांनीं ह्या उद्योगास आरंभ केला. त्यांतून ‘लिबपीआरएस५००’ ह्या ओबडधोबड नांवाचें सॉफ्टवेअर जन्मास आलें, आणि २००८ सालीं त्याचें ‘कॅलिबर’ असें नामकरण झालें. आज तें लिनक्सवर, विंडोजवर व मॅकवरहि चालतें, पुष्कळ जातींच्या यंत्रांशीं बोलतें, एका बांधणीचें पुस्तक दुसऱ्या बांधणींत करून देतें, आणि कोणाकडून एक पैसा मागत नाहीं. ज्यांची ‘सोय’ कंपन्यांनीं केलेली होती ते विंडोजवालेहि आपले ग्रंथसंग्रह ह्याच्याच स्वाधीन करून बसले आहेत.

ह्यावर सोनीनें काय केलें पाहा. पुढच्याच वर्षीं, २००७ सालीं, तिनें पीआरएस-५०५ हा नवा नमुना काढला. आणि तो कोणत्याहि संगणकाला जोडला कीं साध्या डिस्कप्रमाणें दिसूं लागला! जें काल सोयींत बसत नव्हतें तें आज बसलें, आणि त्यासाठीं कंपनीला कसलाहि डोंगर खणावा लागला नाहीं. मार्च २०१४ मध्यें सोनीनें उत्तर अमेरिकेंतलें आपलें ई-ग्रंथांचें दुकान बंद करून गिऱ्हाइकें कोबोच्या हवालीं केलीं. विद्यार्थ्यानें लिहिलेलें सॉफ्टवेअर मात्र अद्याप चालू आहे.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. लिनक्सवाले मूठभर, त्या मूठभरांसाठीं कंपनीनें निराळें सॉफ्टवेअर काय म्हणून लिहावें, असा त्यांचा प्रश्न असतो. आमचें उत्तर असें कीं, लिहूं नये! तें मागितलें आहे कोणीं? केबल जोडली कीं यंत्र डिस्क म्हणून दिसावें, आणि पुस्तक ईपबसारख्या जगजाहीर मानकांत असावें, एवढें झालें म्हणजे पुरे. ईपबांत गूढ असें कांहीं नाहीं. वेबपृष्ठें ज्या खुणांनीं लिहितात त्याच खुणांनीं लिहिलेलीं प्रकरणें, सोबत चित्रें व अनुक्रमणिका, हें सारें झिपच्या एका गठ्ठ्यांत बांधलेलें असतें. आणि तो गठ्ठा कोणताहि संगणक सोडूं शकतो. येथें मूठभरांसाठीं वेगळा खर्च मुळींच नाहीं. खर्च येतो तो मज्जाव करण्याचा. (लिनक्सवाल्यांनाहि एक शब्द सुनावणें अवश्य आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून दाखविण्यांत त्यांतल्या कांहींना जो एक प्रकारचा सोंवळेपणा वाटतो, त्यामुळें त्यांची बाजू न्यायाची असूनहि लोकांना ती विक्षिप्तांची वाटते.)

मज्जावाचें मुख्य साधन म्हणजे डीआरएम नांवाचें कुलूप. अडोब कंपनीचें कुलूप घ्या. तें घातलेलें पुस्तक एखाद्या ई-ग्रंथांच्या दुकानांतून अथवा पाश्चात्त्य देशांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून घेतलें असतां संगणकावर पुस्तक येतच नाहीं. येते ती एसीएसएम नांवाची एक चिठ्ठी. ती चिठ्ठी ‘अडोब डिजिटल एडिशन्स’ ह्या सॉफ्टवेअरला दाखवावी, त्यानें अडोबच्या सर्व्हरला विचारावें, तेथून होकार यावा, आणि मग ग्रंथ पदरांत पडावा. हें सॉफ्टवेअर लिनक्ससाठीं कधीं काढलेलेंच नाहीं. मग विंडोजचीं सॉफ्टवेअरें लिनक्सवर चालविणारा ‘वाइन’ नांवाचा जो एक थर आहे त्याच्या कुबड्या देऊन बिचारा वाचक तें कसेंबसें उभें करतो. तें कधीं चालतें, कधीं मध्येंच मान टाकतें. आणि एवढा खटाटोप करून घरांत घेतलेला हा पाहुणा कसा निघाला? त्याची चौथी आवृत्ति वाचक कोणतें पुस्तक उघडतो, कोणत्या पानावर आहे, ह्याची टिपणें अडोबकडे उघड्या मजकुरांत, वाटेंत कोणालाहि वाचतां येतील अशीं, धाडीत असल्याचें ऑक्टोबर २०१४ मध्यें उघडकीस आलें. बोभाटा झाल्यावर टिपणें सांकेतिक लिपींत जाऊं लागलीं. म्हणजे पाकिटाला गोंद लागला एवढेंच.

कुलूप नसेल तर चोरी होईल, हा दुसरा आक्षेप. परंतु चोर कुलूप पाहतोच कोठें? त्याच्या हातीं जी प्रत पडते तिचें कुलूप कोणीतरी आधींच काढलेलें असतें. किल्ल्यांचा जुडगा सांभाळीत बसावें लागतें तें पैसे भरणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याचा न्याय तो हाच! ‘टॉर’ ह्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेनें २०१२ सालीं आपल्या सर्व ई-पुस्तकांचीं कुलुपें काढून टाकलीं, आणि वर्षभरानें तिच्या ब्रिटिश शाखेनें जाहीर केलें कीं, चोरींत डोळ्यांत भरण्याजोगी वाढ झालेली नाहीं. संगीताच्या धंद्यांत तर आयट्यून्सनें २००९ सालींच हा मार्ग पत्करला. गाणीं बुडालीं नाहींत.

ह्या कुलपाची किल्ली ज्याच्या हातीं तोच ग्रंथाचा खरा मालक, हें अनुभवानें सिद्ध झालेलें आहे. जुलै २००९ मध्यें अमेझॉननें ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती, त्या विकणाऱ्याला हक्क नव्हता ह्या कारणास्तव, गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. आणि त्यांतली एक ‘नाइन्टीन एटी-फोर’ होती! कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस ह्यांनीं पुढें जाहीर क्षमा मागितली, हें त्यांना शोभलें. पण कुंपणाला शेत खातां येतें हें त्या दिवशीं सर्वांनीं पाहिलें. मायक्रोसॉफ्टनें २०१९ सालीं आपलें ई-ग्रंथांचें दुकान मोडलें तेव्हां पैसे परत दिले, पुस्तकें मात्र काढून घेतलीं. किंडलच्या बाबतींत न्यायानें सांगितलें पाहिजे कीं, पहिल्यापासून कितीएक वर्षें तें यंत्र कोणत्याहि संगणकावर साधी डिस्क म्हणून दिसे, आणि विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल, कुलूपबंद कां होईना, कोणत्याहि प्रणालीच्या ब्राउझरमधून उतरवून केबलनें यंत्रांत घालतां येई. २६ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमेझॉननें ती वाट बंद केली. आतां विकत घेतलेलें कुलूपबंद पुस्तक कंपनीच्या सर्व्हरवरून निघतें तें कंपनीच्या यंत्रांत अथवा तिच्याच ॲपमध्यें उतरतें. मध्यें घरच्या संगणकाला जागा नाहीं.

‘आम्ही आपले विंडोजवाले, आमचें काय जातें?’ असें जे म्हणत असतील त्यांनीं १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आठवावी. त्या दिवशीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपविला. चांगले चालते असे कितीतरी संगणक नव्या विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. त्यांच्या धन्यांपुढें यंत्र मोडींत काढणें किंवा त्यावर लिनक्स बसविणें हे दोन मार्ग उरतात, आणि दुसरा मार्ग पुष्कळ जण पत्करीत आहेत. सोयींतला गृहस्थ आपल्या खुर्चीवरून न उठतां एका रात्रींत ‘अनसपोर्टेड’ होऊं शकतो.

कायद्याचा बाऊ दाखविणारेहि भेटतात. आमचा १९५७ चा कॉपीराइट कायदा त्यांनीं जरा वाचावा. १९९९ च्या दुरुस्तीनें ५२ व्या कलमांत असें घातलें आहे कीं, स्वतंत्रपणें लिहिलेलें सॉफ्टवेअर दुसऱ्या सॉफ्टवेअरशीं जुळतें करण्यासाठीं लागणारी माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर प्रतीच्या कायदेशीर धारकानें ती मिळविण्यासाठीं केलेली आवश्यक कृति हक्कभंग होत नाहीं. २०१२ सालीं आलेलें ६५-अ कलम कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगतें खरें. परंतु त्यांत ‘हक्कभंगाच्या उद्देशानें’ हे शब्द आहेत, आणि कायद्यानें स्पष्टपणें निषिद्ध न केलेल्या हेतूसाठीं केलेल्या कृतीस हें कलम आड येत नाहीं, असेंहि लगेच पुढें म्हटलें आहे. अमेरिकेंतला १९९८ चा कायदा ह्याहून बराच कडक आहे. पण तिकडचा धाक इकडे आयात करण्याचें कारण नाहीं.

किंडलवर मराठी पुस्तकांचें दालन उघडलें तें डिसेंबर २०१६ मध्यें. तेव्हां हा प्रश्न आमच्या प्रकाशकांच्या दाराशीं येऊन बराच काळ लोटला आहे. हरि नारायण आपटे १९१९ सालीं वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत धरली तर त्यांच्या कादंबऱ्या केव्हांच सर्वांच्या झाल्या. अशा ग्रंथाला कोणी कुलूप घातलें तर तें कोणाच्या हक्काचें रक्षण करतें? हयात लेखकांच्या पुस्तकांविषयीं मतभेद होऊं शकेल, पण तेथेंहि कंपनीकडे बोट दाखवून सुटतां येणार नाहीं. अमेझॉनच्या केडीपी ह्या प्रकाशनव्यवस्थेंत पुस्तक चढवितांना चढविणाऱ्यालाच विचारलें जातें कीं कुलूप हवें कीं नको. आणि जानेवारी २०२६ पासून, ‘नको’ म्हणून तेथें नव्यानें प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत खरेदीदाराला ईपब व पीडीएफ रूपांत उतरवून घेण्याची सोयहि झाली आहे. म्हणून ज्या मराठी प्रकाशकांनीं आपलीं पुस्तकें तेथें चढविलीं आहेत त्यांना आम्ही विचारतों: त्या प्रश्नापुढें तुम्हीं कोणती खूण केलीत, आणि ती करण्यापूर्वीं लेखकाला विचारलें होतें काय? ह्याचें उत्तर पुस्तकाच्या जाहिरातींत, किंमतीच्या शेजारीं, तितक्याच मोठ्या टाइपांत छापावें.