रोजकीर्द कोरी राहते तेव्हा

व्यापारी घरातील कोणी मद्याच्या आहारी गेला, तर त्याची वाच्यता होत नाही. पेढी धाकटा भाऊ सांभाळतो. पाहुण्यांना ‘प्रकृती बरी नसते’ एवढेच कळते. पुढे त्याचे पाय अडखळू लागतात, डोळे थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. घरचे म्हणतात, ‘सकाळी उतरेल.’ पण प्रत्येक वेळी ती नशाच असते असे नाही. जीवनसत्त्व ब-१, म्हणजे थायमिन, संपत आल्याचीही ती खूण असू शकते.

शरीरातील थायमिनचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम. तो दोन-तीन आठवड्यांत सरतो. मद्यपी धड जेवत नाही, आणि मद्यामुळे आतडेही थायमिन नीट शोषून घेत नाही. साखरेपासून शक्ती मिळवण्यास मेंदूला ते लागतेच.

१८८१ मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी असे तीन रुग्ण नोंदविले. दोघे मद्यपी होते. तिसरी मात्र सल्फ्युरिक आम्ल प्यालेली तरुणी, जिला सतत वांत्या होत होत्या. म्हणजे मूळ कारण थायमिनचा अभाव. म्हणूनच मासखमणासारख्या दीर्घ तपाच्या पारण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे, असे मला वाटते.

पुढे मॉस्कोत सर्गेई कोर्साकोव्ह यांनी याच्या पुढची अवस्था वर्णिली. तीत जुन्या खतावण्या बऱ्याच शाबूत असतात, पण आजची रोजकीर्द लिहिलीच जात नाही. लग्नातले मानपान आठवते, सकाळचा नाश्ता आठवत नाही. रिकाम्या जागा मन कल्पित प्रसंगांनी भरते. घरचे त्याला खोटारडा ठरवतात. बिचाऱ्याला ते खरेच वाटत असते!

‘अशक्तपणा आहे, ग्लुकोजची एक बाटली लावा’ असा आग्रह आपल्याकडे नेहमीचा. अशा रुग्णाला थायमिनशिवाय नुसते ग्लुकोज दिल्यास विकार बळावू शकतो. थायमिन शिरेवाटे आणि तातडीने द्यावे लागते. गोळी येथे पुरत नाही. पण तो किती पितो, हे डॉक्टरांना सांगायचे कोणी? दवाखान्यातही आपण ‘कधीतरी घेतात’ म्हणून वेळ मारून नेतो. वेळीच उपचार झाले तर डोळ्यांची हालचाल काही तासांत सुधारू लागते, चालीला आठवडे लागतात. गेलेली स्मृती मात्र पुष्कळांची पूर्णपणे परतत नाही.